ग्रसनी-त्वचा नालव्रण, स्वरयंत्रोच्छेदनोत्तर

स्वरयंत्र संपूर्ण काढून टाकल्यानंतर उघडी पडलेली ग्रसनी (घशाची पोकळी) टाके घालून किंवा शरीराच्या अन्य भागातील ऊतक (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचा-पेशींचा-समूह) आणून पुन्हा बांधून काढतात. ही शिवण एखाद्या जागी उकलून ग्रसनीची पोकळी व मानेची त्वचा यांच्यामध्ये जो अनैसर्गिक मार्ग तयार होतो, त्याला ग्रसनी-त्वचा नालव्रण म्हणतात. गिळलेली लाळ व अन्न या मार्गाने मानेवर येते. या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील गंभीर उपद्रवांमध्ये हा सर्वांत अधिक आढळणारा उपद्रव होय. प्रसिद्ध झालेल्या निरनिराळ्या वृत्तांतांत त्याचे प्रमाण शेकडा ३ पासून शेकडा ६५ पर्यंत दिलेले आढळते. एकाच शस्त्रक्रियेच्या एकाच उपद्रवाच्या प्रमाणात एवढी तफावत असावी, याचा अर्थ असा की, केवळ टाके कसे घातले यावर नालव्रण होणे न होणे ठरत नाही. ते टाके कोणत्या रोग्याच्या व कोणत्या अवस्थेतील ऊतकात घातले यावर ते मुख्यतः ठरते. म्हणूनच धोका वाढविणारे घटक शस्त्रक्रियेपूर्वीच ओळखणे याला या विषयात विशेष महत्त्व आहे.

शारीर व शस्त्रक्रियेचे स्वरूप : स्वरयंत्र ग्रसनीच्या खालच्या भागाच्या पुढे असते व त्याची मागची बाजू हीच त्या ठिकाणी ग्रसनीची पुढची भिंत असते. त्यामुळे स्वरयंत्र काढले की, ग्रसनी पुढून जिभेच्या मुळापासून ग्रसिकेच्या (अन्ननलिकेच्या) मुखापर्यंत उघडी पडते. श्वासनालाचे तोंड मानेच्या तळाशी त्वचेला शिवून तेथे कायमचे श्वसनछिद्र तयार करतात आणि ग्रसनीच्या उरलेल्या श्लेष्मकलेच्या (आतील बुळबुळीत अस्तराच्या) कडा एकत्र आणून तिची पुन्हा नळी करतात. ही शिवण उभी, आडवी किंवा इंग्रजी टी या अक्षराच्या आकाराची असते. टी-आकाराच्या शिवणीत जिभेच्या मुळाजवळ जेथे तीन कडा एकत्र येतात, ती जागा सर्वांत दुर्बल समजतात.

शरीरात इतरत्र शिवलेल्या जखमेला जी विश्रांती मिळते, ती येथे मिळत नाही. प्रौढ माणसाच्या तोंडात दररोज १ ते १·५ लिटर लाळ तयार होते. तीत पाचक एंझाइमे व असंख्य सूक्ष्मजंतू असतात आणि रोग्याला तोंडाने काहीही दिले नाही, तरी ही लाळ तो गिळतच असतो. प्रत्येक गिळण्याबरोबर ग्रसनीतील दाब वाढतो व तो दाब ताज्या शिवणीवर पडतो. ग्रसिकेच्या मुखाशी असलेला वलयाकार स्नायू आकुंचित राहिल्यास हा दाब आणखी वाढतो. म्हणून अनेक शस्त्रक्रियाविशारद त्या स्नायूला छेद देतात. त्याचा दुसरा लाभ म्हणजे पुढे ग्रसिकेच्या साहाय्याने बोलणे रोग्याला सुलभ जाते.

इतिहास : कर्करोगासाठी स्वरयंत्राचे संपूर्ण उच्छेदन व्हिएन्ना येथे टेओडोर बिलरोट यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी केले. त्या काळी ग्रसनी व श्वासनाल एकाच उघड्या जखमेत राहत आणि लाळ फुप्फुसांत उतरून न्यूमोनियाने बहुसंख्य रोगी दगावत. बर्लिन येथील थेमिस्टोक्लेस ग्लूक यांनी श्वासनालाचे टोक त्वचेला शिवून श्वसनमार्ग अन्नमार्गापासून वेगळा केला व नंतर सॉरेन्सन यांच्या सहकार्याने ही शस्त्रक्रिया एकाच टप्प्यात करण्याची पद्धत रूढ केली. मृत्यूचे प्रमाण यामुळे झपाट्याने उतरले. नालव्रण मात्र राहिला. किंबहुना रोगी जगू लागले म्हणूनच तो एक स्वतंत्र प्रश्न म्हणून नजरेत भरू लागला.

ग्रसनीचा संपूर्ण घेर काढावा लागल्यास ती पुन्हा कशी बांधावी, हा प्रश्न दीर्घकाळ सुटलेला नव्हता. टोराँटो येथील हॅरल्ड वुकी यांनी १९४२ मध्ये मानेच्याच त्वचेची नळी करण्याची रीत वर्णन केली आणि १९६५ मध्ये बॅकॅम्जिअन यांनी छातीच्या वरच्या भागातील त्वचा वापरली. या दोन्ही रीती एकाहून अधिक टप्प्यांच्या होत्या. पहिल्या टप्प्यानंतर लाळेला बाहेर पडण्यासाठी मानेवर छिद्र मुद्दाम राखीत व काही आठवड्यांनी ते बंद करीत. म्हणजे ज्याला आज उपद्रव म्हणतात, तो त्या वेळी शस्त्रक्रियेचाच एक नियोजित भाग होता. लाळेला ठरलेली वाट करून दिली नाही, तर ती स्वतःची वाट काढते, हे त्या पिढीच्या शस्त्रक्रियाविशारदांनी अनुभवाने जाणले होते. लहान आतड्याचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह मानेत नेऊन तेथील रक्तवाहिन्यांना जोडण्याची कृती मानवात १९५९ मध्ये प्रथम झाली. स्टीफन एरिअन यांनी १९७९ मध्ये छातीच्या मोठ्या स्नायूचा त्वचेसह उपयोग वर्णन केल्यानंतर चित्र पालटले. हा स्नायू आपल्या रोहिणीसह (शुद्ध रक्तवाहिनीसह) छातीवरून मानेत सहज वळविता येतो, त्याला सूक्ष्मदर्शकाखालील जोडणी लागत नाही व एकाच बैठकीत काम होते. अशा रीतीने स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह हलविलेल्या ऊतकाला शस्त्रक्रियाविशारद ‘फ्लॅप’ म्हणतात आणि हाच शब्द येथे पुढे वापरला आहे.

प्रारण चिकित्सा : धोका वाढविणाऱ्या सर्व घटकांत शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेली प्रारण चिकित्सा (क्ष-किरण अथवा गॅमा किरणांचा उपचार) हा सर्वांत निर्विवाद घटक आहे. स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी साधारणपणे ६६ ते ७० ग्रे इतकी मात्रा साडेसहा ते सात आठवड्यांत देतात. या मात्रेने कर्ककोशिका मरतात. पण मार्गातील निरोगी ऊतकाचेही स्वरूप कायमचे बदलते. लहान रोहिण्यांचा अंतःस्तर जाड होऊन त्यांची पोकळी हळूहळू बुजत जाते; केशवाहिन्या विरळ होतात; कोलॅजेन तयार करणाऱ्या तंतुजनक कोशिकांची संख्या व क्षमता घटते आणि मऊ ऊतकाच्या जागी ताठर तंतुमय ऊतक येते. बाहेरून अशी मान कधी जवळजवळ प्राकृतिक दिसते, कधी लाकडासारखी कठीण लागते. जखम भरण्यासाठी ऑक्सिजन व नव्या केशवाहिन्या लागतात आणि नेमकी त्यांचीच येथे उणीव असते. प्रारणाने लालाग्रंथी कोरड्या पडून लाळ कमी होते, तेव्हा नालव्रणही कमी व्हावा, असा तर्क कोणी केल्यास तो प्रत्यक्षात टिकत नाही. उरलेली थोडी लाळ दाट व जंतुयुक्त असते आणि न भरणाऱ्या शिवणीला तेवढी पुरते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या घटकाचे महत्त्व अधिकच वाढले आणि त्याचे कारण उपचारांतील प्रगती हेच होय. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ३३२ रोग्यांवर केलेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखविले की, प्रथम रासायनी चिकित्सा (औषधांनी कर्ककोशिका मारण्याचा उपचार) व नंतर प्रारण दिल्यास सु. दोन तृतीयांश रोग्यांचे स्वरयंत्र वाचते व आयुर्मर्यादा घटत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात प्रारण व रासायनी चिकित्सा एकाच वेळी दिल्यास हे प्रमाण आणखी वाढल्याचे आढळले. यानंतर प्रगत अवस्थेतील अनेक रोग्यांत स्वरयंत्र राखण्याचा प्रयत्न प्रथम करण्याची प्रथा पडली. ज्यांच्यात तो असफल होतो किंवा रोग उलटतो, त्यांचे स्वरयंत्र अखेरीस काढावेच लागते. यास उद्धारक उच्छेदन म्हणता येईल. दुसऱ्या अभ्यासातील अशा १२९ रोग्यांची पाहणी झाली, तेव्हा केवळ प्रारण घेतलेल्यांत शेकडा १५, तर प्रारण व रासायनी चिकित्सा एकाच वेळी घेतलेल्यांत शेकडा ३० रोग्यांना नालव्रण झालेला आढळला. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले अलीकडील आकडेही याच दिशेचे आहेत. पूर्वी प्रारण न घेतलेल्यांत साधारणपणे सातांत एकाला, उद्धारक उच्छेदनानंतर चारांत एकाहून अधिक जणांना व संयुक्त उपचारानंतर जवळजवळ तिघांत एकाला नालव्रण होतो. पूर्वीपेक्षा स्वरयंत्रोच्छेदने कमी होतात; पण जी होतात ती अधिक अवघड ऊतकांत होतात.

प्रारण व शस्त्रक्रिया यांच्यात किती काळ गेलेला असावा, याविषयी निष्कर्ष एकमुखी नाहीत. पहिल्या काही महिन्यांत तीव्र शोथ (दाहयुक्त सूज) असतो, तर पुढे तंतुमयता व रक्तवाहिन्यांचा ऱ्हास वाढत जातो. कर्करोग उलटला असता शस्त्रक्रिया सोयीच्या काळापर्यंत लांबविता येत नाही, हेही खरे. प्रारणित मानेतील लसीका ग्रंथींचे उच्छेदन त्याच वेळी केल्यास त्वचेचा उरलासुरला रक्तपुरवठाही कमी होतो व धोका वाढतो. म्हणून अशा रोग्यांत ग्रंथींमध्ये रोगाचा पुरावा नसेल, तर त्या काढाव्यात की नाही याचा विचार प्रत्येक रोग्यापुरता वेगळा करावा लागतो.

रोग्याची शारीरिक स्थिती : गिळताना वेदना होणाऱ्या व महिनोन्‌महिने पुरेसे अन्न न मिळालेल्या रोग्यावर ही शस्त्रक्रिया होत असते, हे विसरता येत नाही. रक्तद्रवातील अल्ब्युमीन या प्रथिनाचे प्रमाण १०० मिलि. मध्ये ३·५ ग्रॅ.पेक्षा कमी असल्यास, तसेच शस्त्रक्रियेनंतर हीमोग्लोबिन १२·५ ग्रॅ.पेक्षा खाली असल्यास नालव्रणाचे प्रमाण वाढते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. दीर्घकालिक श्वसनमार्गरोधी फुप्फुसविकार धूम्रपान करणाऱ्यांत सामान्य असून त्यात एकीकडे ऑक्सिजनाचा पुरवठा कमी पडतो व दुसरीकडे खोकल्याने शिवणीला वारंवार हिसके बसतात. मधुमेह, यकृताचे विकार व शस्त्रक्रियेपर्यंत चालू राहिलेले धूम्रपान हेही जखम भरण्यास प्रतिकूल आहेत.

अवटू ग्रंथीकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. प्रारणाने ही ग्रंथी क्षीण होते व स्वरयंत्राबरोबर तिचा एक अर्धा किंवा सर्व भाग काढावा लागतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर अवटू-न्यूनत्व येऊन जखम भरणे मंदावते. याचे निदान एका साध्या रक्तपरीक्षेने होते आणि उपचार एका गोळीने. ज्या मोजक्या घटकांवर पूर्ण ताबा मिळविता येतो, त्यांत याची गणना केली पाहिजे.

सांख्यिकीय संबंध आणि कारण यांत येथे काळजीपूर्वक भेद करावा लागतो. ज्यांना शस्त्रक्रियेच्या सुमारास रक्त द्यावे लागले त्यांच्यात नालव्रण अधिक आढळतो. परंतु रक्त दिल्यामुळे नालव्रण झाला असे त्यावरून म्हणता येत नाही. मोठी गाठ, मोठी शस्त्रक्रिया, अधिक रक्तस्राव व मुळातील पांडुरोग (रक्तक्षय) हे सर्व एकत्रच येतात. शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या श्वासनालछेदनाचेही तसेच आहे. श्वास कोंडल्यामुळे तातडीने छिद्र पाडावे लागले, यावरून गाठ बरीच मोठी होती हे कळते आणि त्या छिद्रातून मानेत जंतूंचा प्रवेशही झालेला असतो. दोहोंतील वाटा वेगळा काढणे कठीण आहे. भारतात तंबाखू, विडी व मद्य यांमुळे होणारे स्वरयंत्राचे व अधोग्रसनीचे कर्करोग पुष्कळदा प्रगत अवस्थेत रुग्णालयात येतात; कुपोषण, पांडुरोग व तातडीचे श्वासनालछेदन हे तिन्ही घटक अशा एकाच रोग्यात सापडणे येथे अपवादात्मक नाही.

अर्बुदाचे (गाठीचे) स्थान महत्त्वाचे आहे. स्वररज्जूंच्या वरील भागातील व विशेषतः अधोग्रसनीतील कर्करोगात श्लेष्मकला अधिक काढावी लागते व उरलेली ताणून शिवावी लागते. काढलेल्या भागाच्या कडेशी कर्ककोशिका राहिल्या असल्यास तेथील शिवण भरत नाही. बराच काळ न भरणाऱ्या किंवा एकदा भरून पुन्हा उघडणाऱ्या नालव्रणात रोग शिल्लक असल्याची शंका घेऊन ऊतकाचा तुकडा तपासणे आवश्यक ठरते.

पुनर्रचनेचा प्रश्न : उरलेल्या श्लेष्मकलेची पट्टी ताणल्यावर सु. २·५ ते ३ सेंमी. रुंद असेल, तर तिची गिळण्यास पुरेशी नळी होऊ शकते. याहून अरुंद असल्यास फ्लॅपची त्वचा कडांमध्ये भर म्हणून बसवितात. संपूर्ण घेर गेला असल्यास मांडीची किंवा पुढील बाहूची त्वचा गुंडाळून नळी करतात, अथवा लहान आतड्याचा तुकडा बसवितात. गुंडाळलेल्या त्वचेच्या नळीला दोन टोकांच्या वर्तुळाकार शिवणींशिवाय एक लांब उभी शिवणही असते व तिच्यात नालव्रणाचे प्रमाण अधिक असते. आतडे मुळातच नळीच्या आकाराचे असल्याने ही उभी शिवण टळते. पण त्यासाठी पोट उघडावे लागते व पुढे रोग्याचा आवाज ओलसर, घोगरा येतो.

यापेक्षा सूक्ष्म प्रश्न असा की, श्लेष्मकला पुरेशी असून नुसत्या टाक्यांनी ग्रसनी बंद करता येत असतानाही प्रारणित रोग्यात फ्लॅप वापरावा काय? पूर्वी हा अनाठायी खटाटोप वाटे. आठ संस्थांमधील ३५९ उद्धारक उच्छेदनांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नुसते टाके घातलेल्यांत शेकडा ३४, शिवणीवर छातीचा स्नायू पांघरलेल्यांत शेकडा १५ व अन्यत्रची त्वचा भर म्हणून शिवलेल्यांत शेकडा २५ असे नालव्रणाचे प्रमाण आढळले. पुढील वर्षी अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात रक्तपुरवठायुक्त ऊतक वापरल्याने धोका सु. एक तृतीयांशाने घटतो, असे दिसले. हे अभ्यास यादृच्छिक निवडीचे नाहीत. कोणाला फ्लॅप द्यावा हे शस्त्रक्रियाविशारदाने ठरविलेले होते, ही त्यांची मर्यादा होय. तरीही शस्त्रक्रियाविशारद सहसा अधिक बिकट रोग्यासाठीच फ्लॅप राखून ठेवतात, हे लक्षात घेतल्यास आढळलेला लाभ प्रत्यक्षाहून कमीच दिसत असावा. या लाभाचे कारण ऊतकाच्या गुणांत आहे. छातीचा स्नायू प्रारणाच्या क्षेत्राबाहेरचा असतो, स्वतःच्या रोहिणीवर जगतो आणि त्याच्या पृष्ठभागापासून नव्या केशवाहिन्या शिवणीत शिरतात. शिवण उकललीच तर लाळ थेट मोठ्या रक्तवाहिन्यांवर न जाता या स्नायूशी अडते व नालव्रण लहान राहून औषधोपचाराने बंद होण्याची शक्यता वाढते. खांद्याच्या हालचालीत काहीसा अडथळा आणि मानेत जाडी येणे ही त्याची किंमत आहे.

प्रतिजैव औषधांची निवडही परिणामकारक ठरते. तोंडातील व घशातील मिश्र जंतूंवर उपयुक्त असे औषध शस्त्रक्रियेच्या आरंभी देऊन साधारणपणे एक दिवस चालू ठेवतात. पेनिसिलिनाची अधिहृषता (ॲलर्जी) असल्याच्या समजुतीने केवळ क्लिंडामायसीन दिलेल्या रोग्यांत जखमेतील संक्रामण अधिक आढळले आहे.

तोंडाने अन्न केव्हा सुरू करावे याविषयी जुना संकेत सात ते दहा दिवसांचा व प्रारणित रोग्यात त्याहून अधिक काळाचा आहे. तोवर नाकावाटे जठरात घातलेल्या नळीने पोषण करतात. प्रारण न घेतलेल्या निवडक रोग्यांत पहिल्या दोन-तीन दिवसांत द्रव अन्न सुरू केल्याने नालव्रण वाढत नाही, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. रोगी अन्न घेवो वा न घेवो, लाळ गिळतच असतो, हे पाहता यात नवल नाही. प्रारणित रोग्यांत मात्र बहुतेक संस्था घाई करीत नाहीत.

लक्षणे व उपचार : नालव्रण बहुधा सातव्या ते अकराव्या दिवसाच्या दरम्यान उघड होतो. प्रथम श्वसनछिद्राच्या वरची त्वचा लाल व सुजलेली दिसते, ज्वर येतो आणि जखमेतील निचरा-नळीत गढूळ, दुर्गंधी स्राव दिसतो. पहिल्या ४८ तासांतील ज्वराकडेही पूर्वसूचना म्हणून पाहिले जाते. निळे रंगद्रव्य गिळावयास दिल्यास ते मानेवर उतरते. क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव देऊन काढलेल्या चित्रांवरून लहान गळतीही कळते.

जखम उघडून लाळेला श्वसनछिद्रापासून व ग्रीवा रोहिणीपासून (मेंदूला रक्त पुरविणाऱ्या मोठ्या वाहिनीपासून) दूर वाट करून देणे, पट्ट्या वारंवार बदलणे, नळीने भरपूर प्रथिनयुक्त अन्न देणे व पांडुरोग, मधुमेह, अवटू-न्यूनत्व यांवर उपचार करणे हा चिकित्सेचा गाभा होय. ऋणदाबाची पट्टी आणि ग्रसनीत बसवून लाळ थेट ग्रसिकेत नेणारी सिलिकोन नळी यांचाही उपयोग होतो. बहुसंख्य नालव्रण अशा उपायांनी काही आठवड्यांत बंद होतात. प्रारणित मानेत हा काळ महिन्यांवर जातो. दरम्यान रोग्याला बोलता येत नाही व तोंडाने काही खाता येत नाही. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर प्रारण देणे आवश्यक आहे, त्यांत ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते. उघड्या नालव्रणामुळे ही मुदत टळल्यास मूळ रोग उलटण्याचा संभव वाढतो.

सर्वांत भयावह परिणाम म्हणजे लाळेत भिजणारी, प्रारणाने दुबळी झालेली ग्रीवा रोहिणी फुटणे. याआधी पुष्कळदा थोडासा रक्तस्राव होऊन थांबतो. या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून रोहिणी उघडी पडली असेल किंवा नालव्रण मोठा असेल, तर तो आपोआप बंद होण्याची वाट न पाहता प्रारणक्षेत्राबाहेरील फ्लॅप आणून ती झाकतात व ग्रसनी पुन्हा शिवतात. बरा झालेला नालव्रणही मागे व्रणवस्तू ठेवतो. ती आकसून ग्रसनी अरुंद होते व घास अडू लागतो. अशा वेळी ती टप्प्याटप्प्याने रुंदवावी लागते आणि हा उपचार काही रोग्यांत वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागतो.